रोड सायकलचा पहिला महिना: पाम बीचवर उतरण्याआधी आणि उतरल्यावर

नवी रोड सायकल शनिवारी घरी येते आणि रविवारी पहाटे ती नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर असते. सीट दुकानदाराने ठेवली त्याच उंचीला, टायरमध्ये हवा किती ते ठाऊक नाही आणि गिअर शिकायचे ते वाहत्या रस्त्यावर. मग वाशी ते बेलापूर जाऊन येईपर्यंत गुडघा धरतो, बोटं बधिर होतात, नाहीतर सारसोळेच्या पुढे पंक्चर होऊन सायकल ढकलत आणावी लागते. दोष दमाला दिला जातो, पण चुकलेला असतो क्रम. आधी सायकल अंगाला बसवायची, मग रिकाम्या जागी हात बसवायचा, त्यानंतर सपाट रस्ता, मग अंतर, मग चढ-उतार. ग्रुप आणि पाऊस सगळ्यात शेवटी. एक टप्पा नीट जमल्याशिवाय पुढचा घेऊ नका.

## टप्पा १: सीटची उंची

दुकानात सीट बहुतेक वेळा दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी खाली ठेवून देतात, कारण नव्या माणसाला तेच सुरक्षित वाटतं. रोड सायकलवर सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही तळपाय टेकत असतील, तर सीट हमखास खाली आहे. थांबायचं ते सीटवर बसून नाही. सीटवरून पुढे सरकून, वरच्या नळीच्या दोन बाजूंना पाय टाकून उभं राहायचं.

उंची अशी काढा:

1. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुट्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर बसतो तेवढ्या दाबाने वर सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा.
2. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेमी आलं असेल तर उत्तर ७०.६ सेमी.
3. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटखालच्या नळीच्या रेषेत टेप धरून, तेवढी उंची ठेवा.
4. आता भिंतीला हात टेकून सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवून उलटं फिरवा. पेडल सर्वात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक उरतो. तो बाक हवाच.

सूत्राने आलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे. बुटाचा सोल, पेडल आणि तुमच्या पायाची ठेवण यामुळे थोडा फरक पडतो. त्यानंतरचे बदल एका वेळी ३ ते ५ मिमीचे करा आणि दोन-तीन राईड झाल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून, लवणीत दुखत असेल तर वर. मागून कोणाला तरी बघायला सांगा: पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट वर गेलेली आहे.

सीटचा माथा जमिनीला समांतर ठेवा. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. नाक खाली झुकलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. हात बधिर होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि नवे लोक त्यावर उपाय म्हणून जाड हातमोजे घेत बसतात. नाक वर गेलं तर दुखणं दुसरीकडे सुरू होतं.

हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर, हात ठेवल्यावर कोपर हलके वाकलेले असले पाहिजेत. कोपर ताणून सरळ होत असतील तर सीट पुढे ओढून भरपाई करू नका, कारण त्याने गुडघ्याचं गणित बिघडतं. दुकानातून आखूड स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा छोटा दांडा, बसवून घ्या.

सावधान: सीटच्या दांड्यावर किमान किती भाग नळीत राहिला पाहिजे याची खूण असते. ती बाहेर दिसू लागली तर दांडा मोडू शकतो. तेवढी उंची लागत असेल तर फ्रेमचा साइज चुकला आहे. दांडा कार्बनचा असेल तर नट हाताच्या अंदाजाने आवळू नका. दांड्यावर किंवा क्लॅम्पवर छापलेला न्यूटन मीटरचा आकडा पाहून, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळा.

## टप्पा २: आदल्या रात्रीची दहा मिनिटं

पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत केलेली तपासणी उपयोगाची नसते. ती रात्रीच करा. सकाळी फक्त हवा पाहायची.

हवा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची शिफारस नाही. हवा ठरते ती टायरच्या रुंदीवर आणि तुमच्या वजनावर. ७० किलोच्या आसपास वजन आणि ट्यूब असलेले २८ मिमी टायर असतील तर पुढे ६५ ते ७०, मागे ७० ते ७५ पीएसआयपासून (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) सुरू करा. २५ मिमी असतील तर पुढे ८०, मागे ८५. वजन जास्त असेल तर दर १० किलोमागे साधारण ५ पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढीच उतरवा. मात्र रिम आणि टायर या दोन्हींवरची मर्यादा ओलांडू नका. मागच्या चाकावर भार जास्त असतो म्हणून तिथे हवा थोडी जास्त.

हवा गच्च भरली की सायकल पळते असं वाटतं, कारण ती थरथरते. आपल्या रस्त्यांवर गच्च टायर खड्ड्या-खड्ड्यावर उसळतो, ओल्यात पकड सोडतो आणि हात-पाठ दुखवतो. उलट हवा कमी असली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून फुटते. रोड टायरची ट्यूब आठवड्याभरात सहज काही पीएसआय सोडते, त्यामुळे अंगठ्याने दाबून बघणं हा अंदाज चालत नाही. काटा असलेला उभा पंप घरात हवाच. लांब, बारीक वॉल्व्हच्या टोकाची छोटी चकती आधी सैल करायची, टोक एकदा दाबून फुस्स करायचं आणि मगच पंपाचं तोंड लावायचं. हे दाबणं विसरलं की वॉल्व्ह आत चिकटलेला राहतो आणि हवा जातच नाही. पेट्रोल पंपावरची किंवा टपरीवरची हवा घ्यायची वेळ आली तर वॉल्व्हचा पितळी ॲडॅप्टर लागतो. तो वीस-पंचवीस रुपयांचा तुकडा सीटखालच्या पिशवीत कायम टाकून ठेवा.

ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलला टेकता कामा नये. रिम ब्रेक असतील तर रबर टायरला घासत नाही ना, ते बघा. टायरला घासलं तर टायर कापला जातो. डिस्क ब्रेक असतील तर डिस्कला बोट लावू नका आणि चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका. डिस्कवर तेलाचा थेंब उडाला तरी ब्रेक कमजोर होतो आणि किंचाळायला लागतो.

चाकांचे लिव्हर. क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवणारा, लिव्हर नटासारखा गोल-गोल फिरवून घट्ट करायचा नसतो. समोरचा नट हाताने आवळायचा आणि लिव्हर दाबून बंद करायचा. बंद करताना तळव्यावर त्याचा ठसा उठेल एवढा जोर लागला पाहिजे. अर्धवट बंद लिव्हर ही खरोखर जीवघेणी चूक आहे, म्हणून दोन्ही चाकांचे लिव्हर हात लावून बघा, नुसते नजरेने नाही.

तपासा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, सैल आहे. तो दुकानात आवळून घेतल्याशिवाय निघू नका. मग सायकल दहा सेंटिमीटर उचलून जमिनीवर टाका. खडखड आली तर काहीतरी सुटलेलं आहे.

## टप्पा ३: पंक्चर आधी घरात काढा

ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या बारीक तारा, काच आणि बाभळीचे काटे रस्त्याच्या डाव्या कडेलाच गोळा होतात, आणि सायकलही तिथेच चालते. म्हणून पहिल्या राईडच्या आधी मागचं चाक घरी काढून, ट्यूब बदलून परत बसवा, तेही दोनदा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा निम्मा.

सीटखालच्या पिशवीत एवढं हवं: टायरच्या मापाची आणि तुमच्या रिमला पुरेल इतक्या लांब वॉल्व्हची एक नवी ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, पॅच, ४-५-६ मिमीच्या ॲलन चाव्यांचा मल्टिटूल, छोटा पंप, रबरी हातमोज्यांची एक जोडी आणि शंभराची नोट. नोट का, तर पहाटेच्या टपरीवर युपीआय चालेलच असं नाही.

क्रम असा:

1. चेन मागच्या सर्वात लहान दातेरी चकतीवर आणा. रिम ब्रेक असतील तर ब्रेकची छोटी कळ उघडा. चाक काढा.
2. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. मग लिव्हर घालून एकाच बाजूची कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या.
3. घाई इथे नडते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा आणि वॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरवर नेमकी तीच जागा बघा. टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवा, पण सावकाश; आत तारेचं टोक असू शकतं. तार केसाएवढी बारीक असते आणि बाहेरून दिसत नाही. ती न काढता नवी ट्यूब टाकली की शंभर मीटरवर तीही फुटते.
4. भोक काय सांगतं ते वाचा. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा किंवा तार. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड लागते आहे.
5. नव्या ट्यूबमध्ये ती गोल होईल एवढीच हवा भरा. आधी वॉल्व्ह बसवा, मग ट्यूब आत सारा.
6. कड चढवायला वॉल्व्हच्या समोरच्या टोकाकडून सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचे १०-१५ सेमी जड जातात. तिथे लिव्हर वापरला की नवी ट्यूब चिमटते. त्याऐवजी सगळ्या चाकाची कड पुन्हा एकदा रिमच्या मध्यात ढकला, सैल पडते, आणि अंगठ्याने चढवा.
7. वॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा. दोन्ही बाजूंनी टायर दाबून गोल फिरत बघा: ट्यूब कुठेही डोकावत नाही ना? ३० पीएसआय भरा, पुन्हा बघा, मगच पूर्ण हवा.

सावधान: रस्त्यात पंक्चर झालं तर सायकल रस्त्याच्या कडेला नाही, फुटपाथवर किंवा कठड्यापलीकडे नेऊन काम करा. उड्डाणपुलावर चाक कधीही काढायला बसू नका. चालत खाली उतरा.

## टप्पा ४: रिकाम्या जागेत चार सवयी

सोसायटीमागचा रुंद रस्ता किंवा सेक्टरमधलं मोकळं पार्किंग पुरतं. साधे सपाट पेडल आणि बूट घाला. क्लीटचं, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या खाचेचं, प्रकरण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बघा. एकदम थांबावं लागतं तेव्हा पाय अडकलेला माणूस उभ्या-उभ्या आडवा होतो, आणि शहरात एकदम थांबावं लागणं रोजचंच आहे.

ब्रेक. आधी खात्री करा की कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा आहे. काही सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींना डाव्या. चाक उचलून, फिरवून, दाबून बघा. मग रस्त्यावर खडूची रेघ मारा. २० किमी वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात करा आणि कुठे थांबता ते बघा. पहिल्या पाच फेऱ्या फक्त मागच्या ब्रेकने, पुढच्या पाच दोन्हींनी. फरक डोळ्यांनी दिसेल, कारण सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. नवे लोक पुढच्या ब्रेकला भितात आणि फक्त मागचा दाबतात. मागचं चाक घसटत जातं आणि सायकल थांबत नाही. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा, त्याच वेळी ढुंगण सीटच्या मागच्या टोकाकडे न्यायचं आणि हात घट्ट ठेवायचे. एकदम करकचून दाबला तरच माणूस हँडलवरून पुढे जातो. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात दाबू नका.

गिअर. डावा लिव्हर पुढच्या दोन चकत्यांसाठी, उजवा मागच्या चकत्यांसाठी. शिमानो कंपनीच्या मागच्या गिअरसाठी मोठा लिव्हर आत ढकलला की हलकं होतं, छोटा लिव्हर दाबला की जड. पुढच्यासाठी उलट आहे: मोठा लिव्हर जड करतो. बदलताना पाय फिरत राहिले पाहिजेत, पण क्षणभर जोर काढून. जोर लावून बदललं की कडकड आवाज येतो आणि चेन पडते. पुढे मोठी आणि मागेही सर्वात मोठी, किंवा पुढे लहान आणि मागेही सर्वात लहान, असं तिरकं गिअर धरून चालू नका. चेन तिरपी ओढली जाऊन झिजते.

पेडलच्या मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या हे लक्ष्य ठेवा. एका पायाच्या फेऱ्या १५ सेकंद मोजा. २० ते २२ यायला हव्यात. जड गिअरमध्ये ५०-६० फेऱ्यांनी रेटत राहणं नव्यांना ताकदीचं वाटतं. त्याची किंमत गुडघे देतात.

मागे बघणं. उजव्या खांद्यावरून एक सेकंद मागे बघून परत पुढे. बघताना सायकल उजवीकडे ओढली जाते. रंगवलेल्या सरळ पट्टीवर चालवत, पट्टी न सोडता बघता येईपर्यंत हा सराव करा.

एक हात. बाटली काढणं, पिणं, जागेवर ठेवणं, रस्त्याकडे बघतच. आणि उजवा हात सरळ पसरून वळण्याची खूण, किमान तीन सेकंद.

तपासा: हे चार प्रकार विचार न करता होत आहेत का? नसतील तर पाम बीच अजून नाही.

## टप्पा ५: पाम बीचवर पहिली राईड

वाशी ते बेलापूर पाम बीच रोड सुमारे १० किमी आहे. पहिल्या दिवशी एका टोकाने निघून सहा-सात किलोमीटरवरून परत फिरा. वारा समोरून घेत जायचं, पाठीवर घेत यायचं. उलट केलं तर दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजावं लागतं, आणि खाडीचा वारा दिवस चढेल तसा वाढतो.

निघण्याची वेळ: मे महिन्यात सूर्योदय सहाच्या सुमारास, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. उजाडण्याच्या वेळेला निघा आणि आठपर्यंत आत या. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर आडवं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढी जागा. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवलेलं हेल्मेट तोंडावर पडल्यावर काहीच वाचवत नाही.

रस्त्यावरची जागा. अगदी कडेला चिकटून चालवणं हीच सर्वात मोठी चूक. कडेला वाळू, काच आणि गटाराच्या जाळ्या असतात आणि चुकवायला जागा नसते. कडेपासून साधारण एक मीटर सोडून, सरळ रेषेत चला. उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना दीड मीटर, कारण दार कधीही उघडतं. रेषा वाकडी-तिकडी करत गेलात तर मागच्या गाडीवाल्याला अंदाजच येत नाही.

पहाटे हा रस्ता रिकामा असतो आणि म्हणूनच गाड्या वेगात असतात. रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, असं इथे धरू नका.

चौक. मोराज, सारसोळे, अक्षर, किल्ला: या जंक्शनना धोका समोरून नसतो, मागून येऊन डावीकडे वळणाऱ्या गाडीचा असतो. ती तुम्हाला ओलांडते आणि लगेच तुमच्यासमोरून डावीकडे कापते. म्हणून चौकाच्या ४०-५० मीटर आधी मागे बघा, हात दाखवा आणि डाव्या लेनच्या मध्यावर या, म्हणजे कोणाला शेजारून घुसायला जागा राहत नाही. चौक पार झाला की परत डावीकडे. सिग्नलला बसच्या किंवा डंपरच्या डाव्या अंगाला जाऊन उभं राहू नका. त्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागे थांबा.

परत फिरताना तीन लेन ओलांडून यू-टर्न घ्यायचा मोह आवरा. सिग्नलवर उतरा, झेब्रावरून सायकल हातात धरून पलीकडे जा.

भटकी कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका आणि पाय झाडू नका. जरबेने एकदा ओरडा. तरी येतच असेल तर उतरा आणि सायकल मध्ये आडवी धरा. पळणारी वस्तू थांबली की बहुतेकांचा जोर तिथेच संपतो.

ठाणेकरांनी सुरुवात घोडबंदर रोडच्या मुख्य लेनमध्ये करू नये. मेट्रोच्या कामाने रस्ता कुठेही अरुंद होतो, आणि सर्व्हिस रोडवर उभ्या गाड्या आणि उलट्या दिशेच्या दुचाकी. उपवन आणि पोखरण रोडचा भाग पहाटे बरा. मुंब्रा बायपास नव्यांसाठी नाहीच. अवजड वाहनांचा रस्ता आहे तो. सायन-पनवेल हायवेवर उड्डाणपुलांचे चढते-उतरते फाटे तुमची लेन मधूनच कापतात, तेव्हा पहिले सहा महिने तोही नको. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर सायकलला मनाईच आहे.

## टप्पा ६: अंतर, पाणी, खाणं

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन राईड, १५ ते २० किमीच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातली एक ३० ची, चौथ्यात ४० ची. वेग असा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. धाप लागून शब्द तुटत असतील तर हळू व्हा. सरासरी वेगाचे आकडे या महिन्यात बघूच नका.

इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो किती गेला ते कळत नाही. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट. तहान लागेपर्यंत थांबू नका. एका तासाच्या वरच्या राईडला एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस ठेवा. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवायचं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका.

तासाभराच्या राईडला खाणं लागत नाही. दीड तासाच्या पुढे गेलात तर दर अर्ध्या-पाऊण तासाला एक केळं, किंवा दोन-तीन खजूर, किंवा राजगिऱ्याचा लाडू. पायातली ताकद अचानक गेल्यासारखी वाटली, हात थरथरू लागले, तर ते खाणं उशिरा झाल्याचं लक्षण आहे. थांबा, खा, दहा मिनिटं बसा. अंगावर काटा येणं, डोकं दुखणं, घाम बंद होणं ही मात्र उन्हाची लक्षणं आहेत. तिथून पुढे सायकल चालवायची नाही. सावलीत बसून घरी फोन करा.

पॅडची शॉर्ट्स आतल्या चड्डीशिवाय घालायची असते. शिवण घासून जखम होण्याचं कारण बहुतेक वेळा आतली चड्डीच असते.

## टप्पा ७: चढ आणि उतार

पहिला चढ लहान निवडा. बेलापूरचा पारसिक हिल थोडक्यात संपतो, त्यामुळे तोच दोन-तीनदा करता येतो. खारघर टेकडी आणि ठाण्याचं येऊर त्यानंतर. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. प्रवेशाच्या वेळा वनखात्याच्या फाटकावर विचारूनच जा. खारघरला पावसाळ्यात पांडवकडा परिसरात बंदी असते.

चढताना गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. चढावर अडकून, पूर्ण जोर लावलेल्या अवस्थेत पुढची चकती बदलायला गेलात की चेन पडते. पडलीच तर थांबा, मागचा डिरेल्युअर (चेन ताणून धरणारा, गिअर बदलणारा भाग) हाताने पुढे ढकलून चेन सैल करा आणि लहान चकतीवर बसवा. सुरुवातीची पाच मिनिटं मुद्दाम हळू घ्या. बसून चढा, उभं राहायचं ते फक्त वळणावरच्या थोड्या तुकड्यासाठी.

उतारावर हात खाली, हँडलच्या वाकलेल्या भागात. तिथून लिव्हर जोराने दाबता येतो. एक-दोन बोटं सतत लिव्हरवर. ब्रेक हलका धरून ठेवत उतरू नका, रिम किंवा डिस्क तापते. जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा.

वळणाचा नियम एकच: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर अंगाचा भार, नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाता. समोरून येणाऱ्या रिक्षाची लेन वापरून वळण सरळ करू नका, रस्ता कितीही रिकामा दिसला तरी. येऊरच्या उतारावर सकाळी चालायला आलेली माणसं रस्त्याच्या मधून असतात, म्हणून बेल वाजवा आणि वेग माणसांच्या हिशोबाने ठेवा.

## टप्पा ८: ग्रुपमध्ये जाण्याआधी

सलग तासभर सरळ रेषेत चालवता येत असेल तरच जा. पुढच्या सायकलच्या चाकापासून सुरुवातीला दीड-दोन मीटर ठेवा. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी येऊ देऊ नका. तो जरा बाजूला सरकला आणि चाकं घासली, तर पडता तुम्ही. पुढच्या चाकाकडे टक लावून बघू नका. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. खड्डा दिसला की ओरडून आणि बोट दाखवून मागच्याला सांगा. ग्रुप तुमच्या वेगाने चालत नसेल तर शांतपणे मागे पडा. त्यात कमीपणा काही नाही, आणि चांगला ग्रुप मागे राहिलेल्यासाठी थांबतो.

## टप्पा ९: पाऊस आणि नंतरची निगा

पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस रस्त्यावरचं तेल वर येतं. तेव्हा सायकल घरात ठेवा. एरवी ओल्यात हवा ५ पीएसआय कमी करा. पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलांचे लोखंडी जोड यांवरून सायकल सरळ उभी ठेवून, ब्रेक न लावता, पाय न मारता जा. साचलेल्या पाण्यात चाक घालू नका. खाली काय आहे ते दिसत नाही. रिम ब्रेक ओल्यात आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग धरतो, म्हणून नेहमीपेक्षा बरंच आधी दाबायला सुरुवात करा.

घरी आल्यावर बादलीतलं पाणी आणि मऊ फडकं. गाडी धुण्याचा जोरदार पाइप नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं. चेन कोरडी करा. तिच्या आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एक थेंब चेन ल्यूब सोडा, पेडल उलटं फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि वरचं सगळं पुसून काढा. पुसणं राहिलं की ओल्या तेलाला वाळू चिकटते आणि चेन कानशीसारखी चकत्या खाते. डब्ल्यूडी-४० ची साधी निळी-पिवळी बाटली साफ करायला ठीक, चेनचं तेल म्हणून नाही. खोबरेल किंवा गोडेतेल तर अजिबात नको. खाडीच्या खाऱ्या हवेत बाल्कनीत उघडी ठेवलेली सायकल पाऊस नसतानाही गंजते, आत आणा.

महिना संपल्यावर चेन मोजा. इंचाची पोलादी पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. ती एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर पुढे गेलेली दिसली तर चेन लगेच बदला. अजून चालतेय म्हणून तशीच वापरली, तर तिच्यासोबत मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, तोही बदलावा लागतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.